लिमलेटच्या डब्यातलं लोह

मंगळवार, ५ मार्च १९७४. पळसदरी

रविवारच्या पुरवणीचा लेख शुक्रवारी दुपारच्या गाडीला द्यायचा. विषय — लोह. आज लोधिवलीला जाऊन नव्या हातपंपाचं पाणी पाहिलं. भरताना स्वच्छ, थोड्या वेळाने तांबडं. त्यात चहा टाकला की शाईसारखा काळा! बायका म्हणतात, पंपाला कुणाची तरी नजर लागली. नजर कसली! पाण्यातलं लोह आणि चहाचा तुरटपणा, दोन्ही मिळून शाईच होते. शाळेत असताना हिरडा आणि हिराकस — म्हणजे लोहाचाच क्षार — उकळून मीही करायचो.

परतताना कर्जतच्या दवाखान्यात डोकावलो. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "गरोदर बायकांना नर्स लाल गोळ्या वाटते ना, तो तुमचा हिराकसच. वरून साखर चढवलेला." लेखाचा शेवट मिळाला.

गुरुवार, ७ मार्च

आज इंदूचं डोहाळजेवण. आमच्या लेकीची आधीची दोन गेली. मग ही चिंधी — टिकावी म्हणून मुद्दाम असं नाव ठेवलेली, आता चार वर्षांची — आणि आता हे येणारं. चिंधीच्या वेळी धास्तीने काही केलं नव्हतं. तिची आई, आमची आनंदी, म्हणाली, या खेपेला करायचंच.

फुलांचे दागिने, झाकलेल्या वाट्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. इंदूने पेढा काढला, बायकांनी घर डोक्यावर घेतलं. ती स्वतः खायला गेली तर शेजारची ठकूबाई ओरडली, "अगं, हात मागं घे! आज तुला समद्यांनी भरवायचं. आपल्या हातानं खायचं नाय!" चिंधी आणि ठकूबाईची नात जयवंता दाराशी बसून डोळे फाडून बघत होत्या.

इंदू फार फिकी दिसते. ओठसुद्धा पांढरे. विचारलं, नर्सने दिलेल्या गोळ्या घेतेस ना? "घेते की अप्पा, रोज."

शुक्रवार, ८ मार्च. कर्जत, दवाखान्याच्या व्हरांड्यात

लेख गेला नाही. जाणार नाही.

सकाळी चिंधी ओकली. लाल! आनंदी म्हणाली, कालच्या सरबताचा रंग असेल. तेवढ्यात इंदूने फडताळ उघडलं आणि खाली बसली. लिमलेटचा डबा रिकामा. लिमलेट त्यात कधीच संपलं होतं. तिने नर्सच्या गोळ्या त्यात भरून ठेवल्या होत्या.

सदूचा टेंपो मिळाला. रस्ताभर पोर माझ्या छातीशी.

डॉक्टरीणबाईंनी नळी घातली, सोड्याच्या पाण्याने पोट धुतलं. मग इंदूला विचारलं, "डब्यात किती होत्या?"

"थोड्याच. मी रोज घेते ना."

"मग परसाकडे काळं होत असेल? लोह पोटात गेलं की होतंच."

इंदूने आईकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. "आई म्हणाली होती, त्या गोळ्यांनी पोर काळं निपजतं..."

आनंदी म्हणाली, "अगं बये, मी आपलं बोलता बोलता बोलले गं!"

म्हणजे इंदूने एकही घेतली नव्हती. डबा भरलेला होता.

थोड्या वेळाने बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोटातून फारसं काही निघालं नाही. गोळ्या पुढे सरकल्या असाव्यात. ओकारी थांबेल, पोर उठून बसेल, शांत होईल. त्याला भुलू नका. लोह तेव्हा आत यकृतात चाललेलं असतं. मग पोर एकदम कोसळतं."

एवढी वर्षं अपघात लिहिले. खोपोलीच्या घाटातले, रुळावरचे. अक्षर कधी हललं नाही. आज हे मलाच वाचता येत नाही.

शुक्रवार, संध्याकाळ

ओकारी थांबली. चिंधी उठून बसली. पेढा मागते!

बाई म्हणाल्या होत्या तसंच होतंय. अगदी तसंच.

ठकूबाई भाकरी घेऊन आली. "ही तर टवटवीत हाय की! भाऊ, तुमी पेपरवाले. तुमाला जिथंतिथं मढंच दिसतं." आनंदी हसली. दिवसभरात पहिल्यांदा. ठकूबाई पुढे म्हणाली, "आमची जयवंताबी ओकली दोन-चारदा. कालचं पेढं बाधलं पोरींना. आता कशी गप निजलीय. तापबी नाय."

आनंदीला घरी जायचंय. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "हसतंय ते लेकरू, आणि तुम्ही असं का बघता तिच्याकडे?" काय सांगू? ती हसली की मी नखं बघतो. कपाळ बघतो. झोपू लागली की हलवून उठवतो. "अप्पा, झोपू दे ना!" — ओरडली माझ्यावर. ओरड बाई. ओरडत राहा.

शनिवार, ९ मार्च. सकाळ

कोसळली नाही!

बाईंनी नाडी पाहिली, पोट दाबलं, डोळे पाहिले. शी पाहिली — साधी, पिवळी. "कमाल आहे. हिच्या पोटात गोळ्या गेल्याच नाहीत म्हणायचं!" इंदू भिंतीला टेकून रडली. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं, आत येऊन चिंधीच्या शेजारी बसलो. सहज विचारलं. खरंच सहज.

"चिंधे, डब्यातल्या गोळ्या कुठं टाकल्यास गं?"

"टाकल्या नाय. मी एकच खाल्ली. आतून घाण लागते."

"आणि बाकीच्या?"

माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही. "मला कुठं डोहाळे होते? जयवंताला होते. तिनं आपल्या हातानं खायचं नाय ना! मी भरवल्या. वरून साखर लावून."

शनिवार. जीपमध्ये

चौक गाव मागे गेलं. मुंबई अजून लांब. डॉक्टरीणबाईंनी सलाईनची बाटली हातात उंच धरली आहे. जयवंता ठकूबाईच्या मांडीवर. लुगडं काळ्या शीने भरलंय. ठकूबाई सारखी विचारते, "भाऊ, गप निजलीय म्हंजे बरीच हाय ना?"

पोरीचं बोट माझ्या मुठीत आहे. गार. चिमटा काढला की हलतं.

अजून हलतं.