पाणी वाढलं

११ फेब्रुवारी १९७४
नळयोजनेच्या अहवालाची नक्कल आली. नामंजूर. 'तूर्त निकड दिसत नाही.' मी इथं ग्रामसेवक होऊन दोन वर्षं झाली. त्यात चार प्रस्ताव, आणि उत्तरात एक 'तूर्त'.
कारण दिलं आहे: 'अस्तित्वातील आडाचे पाणी वाढले असल्याचे ग्रामपंचायत सदस्या स्वतः सांगतात.' शेजारी गंगव्वांचा अंगठा.
आड महिन्यापासून कोरडा आहे. संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिलं. तळाशी चिखल, त्यात एक चप्पल.
पाणीपुरवठा खात्याचा इंजिनिअर आला त्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगला. सरपंच सिद्रामअप्पा सोलापुरात. गावात सापडल्या फक्त गंगव्वा.

१२ फेब्रु.
गंगव्वांकडे गेलो. पंचायतीतली एकटी बाई, सरपंचांची चुलती. घरात कानडी, माझ्याशी मराठी. विचारलं, आडाला पाणी आहे असं का सांगितलंत?
"मी कुटं तसं म्हनले? मी म्हनले, पाणी वाढलंय साहेब."
जरा वेळानं डोक्यात उजेड पडला.
या घरात मीठ संपत नाही, वाढतं. तेल वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. 'संपलं' तोंडातून काढायचं नाही. आड आटला, म्हणजे पाणी वाढलं. साहेबानं ऐकलं, जसंच्या तसं लिहिलं, खाली अंगठा घेतला.
माझी आईही पीठ वाढलं म्हणायची. एम.ए.ला शब्दशक्तींवर पूर्ण पेपर लिहिला. पहिला वर्ग. काय उपयोग.
"त्यानं वाकून आत बघितलं नाही?"
"ऊन लई हुतं. कट्ट्यावर बसला. च्या घेतला."
चहाचं पाणी दोन मैलांवरच्या मळ्यातून आणलेलं. सुनेच्या डोक्यावरून. ते पिऊन त्यानं लिहिलं, निकड नाही.

१४ फेब्रु. सोलापूर
खात्याचं ऑफिस. उपअभियंत्यांना 'वाढलं'चा अर्थ सांगितला. ते हसले. शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावला. चौघे हसले.
"भाऊसाहेब, तुम्ही ग्रामसेवक कशाला झालात हो? कॉलेजात शिकवायचं."
मी म्हणालो, माणूस पाठवा, आडात बघू द्या.
"जीप नाही. ड्रायव्हर रजेवर." जीप खाली उभी होती. ड्रायव्हर तिच्यात झोपलेला.
मग म्हणाले, "त्याच बाईंचा नवा जबाब आणा. पाणी संपले आहे, असा स्पष्ट. मार्चअखेरच्या आत. नाहीतर निधी दुसऱ्या गावाला जाईल, मग माझ्याकडे येऊ नका."
राज्याचा पैसा जिल्ह्यात येऊन पडला आहे. खात्याचा तांत्रिक शेरा नाही तोवर गावाला एक कुदळ मारता येत नाही. पैसा त्यांचा, इंजिनिअर त्यांचे. आमचं फक्त तोंड. ते आम्ही उघडलं.

१६ फेब्रु.
जबाब लिहून नेला. 'आडाचे पाणी पूर्णपणे संपले आहे.' वाचून दाखवला. गंगव्वांनी शाईला लावलेला अंगठा पदराला पुसला.
"गंगामाय संपली म्हनू? ह्या तोंडानं?"
'आटले' लिहिलं. न्हाय. 'उरले नाही' लिहिलं. न्हाय.
"माजं नावच गंगा हाय की भाऊसाब. मीच संपली म्हनून अंगठा देऊ?"
मी ओरडलो. आईच्या वयाच्या बाईवर. गाव तहानेनं मरेल आणि तुम्ही शब्द सांभाळत बसा, असं काहीतरी.
सून महादेवी दारात होती. कमरेला घागर. सासूला म्हणाली, "अव्वा, म्हना की एकदा. हंडा तुमच्या डोक्यावर न्हाय."
गंगव्वा तिला कानडीत काहीतरी बोलल्या. छोटंच वाक्य. महादेवीनं घागर खाली ठेवली आणि आत गेली. काय म्हणाल्या ते मला कुणी सांगितलं नाही.

२० फेब्रु.
सिद्रामअप्पा म्हणाले, "अंगठाच पायजे न्हवं? माजा घ्या. कोन वळखतंय?"
नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आड आटवला. दिवसभर स्वतःला विचारतो आहे, का नाही म्हणालो. खोट्या अंगठ्यानं खरं सांगितलं असतं. खऱ्या अंगठ्यानं खोटं सांगून झालंच आहे.

२ मार्च
मळेवाल्यानं आजपासून दिवसाआड पाणी सांगितलं. त्याचा ऊस वाळतो आहे. त्याचंही बरोबर. घरटी दोन घागरी. महादेवी सकाळी गेली ती दुपारी आली, एकच घागर घेऊन. रांगेत भांडण, दुसरी फुटली.
शाळेत मुली नाहीत. मास्तरांनी हजेरीत 'घरकाम' लिहिलं आहे.

५ मार्च
बीडीओंकडे. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं.
"दुष्काळ तर गेल्या वर्षीच गेला ना, भाऊसाहेब?"
कुठं गेला, विचारायचं होतं. विचारलं नाही. गरज माझी.
त्यांनी खात्याला पत्र लिहिलं: 'आपले स्तरावरून समक्ष पाहणी होऊन उचित कार्यवाही व्हावी.' म्हणाले, "मी शिफारस करू शकतो. तांत्रिक बाबतीत खात्यापुढं माझं चालत नाही."
स्तर. आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या स्तरावर. तळाला आड.
पत्र टपालात टाकू दिलं नाही. हातानं नेऊन दिलं, पोच घेतली.

१५ मार्च
उत्तर आलं. बावीसला पाहणी. सिद्रामअप्पांनी दवंडी दिली.

२१ मार्च
सकाळी चावडीसमोर ओली जमीन. सरपंचांनी साहेबांसाठी सडा घालायची रंगीत तालीम करवली. तीन घागरी.
"अप्पा, कोरडा आड दाखवायला बोलावतोय आपण!"
"म्हून काय धुळीत बसवायचं व्हय साहेबाला?"
हसायला हवं होतं. उद्या सडा नाही, हार नाही, चहा नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "मग गावाचं नाव काय ऱ्हाईल?" मी म्हणालो, नाव राहू दे, बायकांचे गुडघे राहू देत.

२२ मार्च
उपअभियंता स्वतः आले. बरोबर तोच पोरसवदा इंजिनिअर. मी त्यांना बसूच दिलं नाही. थेट आडावर नेलं.
बायका जमल्या होत्या. गंगव्वांना कुणी बोलावलं नव्हतं. आल्या. खांद्यावर दोर, हातात पोहरा.
उपअभियंता: "आजी, एका शब्दात सांगा. पाणी आहे की नाही?"
गंगव्वांनी आडात पोहरा सोडला. दोर जात राहिला, संपेपर्यंत. खाली पत्रा दगडावर आपटला. चिखलही वाळला होता. त्यांनी पोहरा ओढून वर घेतला आणि साहेबांच्या बुटांपुढं पालथा केला. माती पडली.
"ते झालं हो. पण लेखी काय घ्यायचं?" साहेब म्हणाले.
महादेवी मागून म्हणाली, "माती घ्या की. तिच्यावर लावा अंगठा." बायका हसल्या. साहेब हसले नाहीत.
इंजिनिअरनं वही काढली. आडाच्या काठावर गुडघे टेकले, वाकून बराच वेळ आत पाहिलं. मग लिहिलं. काय, ते दिसलं नाही. मी काही बोललो तर पुन्हा चुकीचं लिहितील, म्हणून गप्प राहिलो.
जीप गेली. चहा खरंच दिला नाही. गंगव्वा त्यावरून माझ्यावर रागावल्या आहेत.

२७ मार्च
पत्र नाही. मळ्यातली मोटर जळाली.

२९ मार्च, शुक्रवार. सोलापूर
न बोलावता आलो. परवा एकतीस, निधीची मुदत, तोही रविवार. बाकावर बसून हे लिहितो आहे.
कारकुनाला दया आली की कंटाळा, कळलं नाही. फाईल उघडून माझ्यापुढं धरली, एक मिनिट. पाहणीचा कागद, इंजिनिअरचं अक्षर. 'ग्रामस्थांचे म्हणणे' या सदरात:
'सदस्या काही बोलल्या नाहीत. पोहऱ्यातून माती आली.'
एवढंच. दोन वाक्यं. यात कुणाला काही वाढवता येणार नाही, असं वाटलं. मग शेजारी पाहिलं. साहेबांच्या शेऱ्याचा रकाना कोरा. सही नाही.
"साहेब चारला येतात," कारकून म्हणाला.
पाच वाजून गेले. तो खिडक्या लावतो आहे. एक माझ्या डोक्यावरची आहे, ती लावायला मला सरकायला सांगतो आहे. मी सरकलेलो नाही.