माळ्यावरचे दोन टेकू

टॉडमॉर्डन,
९ ऑक्टोबर २००९

प्रिय नेव्हिल,

पाकीट उघडण्याआधी तू माझं अक्षर दोनदा बघितलं असशील. नाताळच्या कार्डाशिवाय मी तुला कधी लिहीत नाही. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. क्लाइव्हचा गुडघा दुखतो आणि तो दिवसभर कुरकुरतो, म्हणजे ठणठणीत आहे. आमची हेदर लीड्सला शिकते आहे. तुमच्या बेटावर वारा सुटला की फेरीबोटी बंद ठेवतात असं रेडिओवर ऐकते, तेव्हा वाटतं, आज तू बोटीवर नसशील, घरी असशील.

बातमी आमच्या घराच्या छपराची आहे. या उन्हाळ्यात माळ्याच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. छपराचा खोलगट भाग तर खालच्या बसथांब्यावरूनही दिसतो. गल्ली अजून त्याला 'नेव्हिलची झोळी' म्हणते. पाऊस पडला की समोरची आयव्ही आजही ओरडते, "लोरेन, बदकं उतरली का गं झोळीत?" आणि मी हसते. एकवीस वर्षं मी त्यावर हसत आले आहे.

तू छप्पर घातलंस तेव्हा केवढा होतास! एकवीस वर्षांचा. जुन्या पातळ दगडी पाट्या काढून सिमेंटची जड कौलं चढवलीस. बाबा खालून ओरडत होते, "वजन वाढलंय रे, तुळई वाकेल!" तू वरून म्हणालास, "टेकू देतोय ना, तुम्ही चहा प्या." सग्डनमास्तरांनी तुला आपल्या सुतारकामात भागीदार करून घ्यायचं कबूल केलं होतं. तू त्यांच्यासारखी चपटी पेन्सिल कानावर अडकवून फिरायचास आणि आम्ही तुला चिडवायचो.

पुढच्या फेब्रुवारीत बर्फ पडला आणि छप्पर खचलं. सगळे म्हणाले, पोरानं जड कौलं घातली आणि टेकू द्यायला विसरला. तू जीव तोडून सांगत होतास, "दोन दिलेत, दोन्ही बाजूंना." बाबा क्लबात मान खाली घालून बसायचे. सग्डन म्हणाले, "ज्याला टेकू आठवत नाही, त्याला माझ्या शिडीवर जागा नाही." तेव्हा तू माझ्याकडे आलास. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून म्हणालास, "लोरेन, मला फक्त एकदा वर बघू दे." मी म्हणाले, बाळ आत्ताच झोपलंय.

हेदर वर नव्हती, नेव्हिल. ती स्वयंपाकघरात, टोपलीत होती. जागी होती.

टेकू तू दिले होतेस. ते मी कापले. बाळाचा पाळणा त्यांच्यामध्ये बसत नव्हता, क्लाइव्हचं डोकं रोज आपटायचं. माझे दिवस भरत आले होते आणि खोली तयार हवी, एवढंच मला सुचत होतं. क्लाइव्हनं बॅटरी धरली, करवत मी चालवली. बाबांचीच करवत. कापलेले तुकडे कडेच्या फळ्यांमागे ढकलले आणि वर पिवळा कागद चिकटवला, सशांचा. छप्पर खचलं तेव्हा म्हटलं, उद्या सांगू. मग बाबा तुझ्याशी बोलेनासे झाले, आणि आता सांगितलं तर बाबा माझ्याशी बोलणार नाहीत, या भीतीनं माझं तोंड उघडेना. तू गाव सोडून बेटावर निघून गेलास. बाबा गेले तेव्हा तू चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलास आणि चहालाही थांबला नाहीस. मी मात्र पुढच्या बाकावर होते.

मी हे आपणहून लिहिते आहे असं तुला वाटू नये, म्हणून पुढचंही सांगते. भेगेसाठी सग्डनना बोलवावं लागलं. सत्तरी ओलांडली तरी तेच येतात. माळ्यावर गुडघ्यांवर बसून त्यांनी तुळईवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरी, इथे खाच आहे. खिळ्यांची टोकं आहेत. टेकू होते गं इथे. कुणी काढले?" मी म्हणाले, मला नाही माहीत. नेव्हिल, सेहेचाळिसाव्या वर्षीही मी हेच म्हणाले. त्यांनी लोखंडी खांब लावून तुळईला तात्पुरता आधार दिला, मग कडेच्या फळ्या उचकटल्या. खाली आले तेव्हा काखेत लाकडाचा तुकडा होता. तो त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवला. मग म्हणाले, "त्याचा पत्ता तुझ्याकडे आहे, की मी शोधू? मलाही त्याची माफी मागायचीय. पण आधी तू."

तो तुकडा या पत्रासोबत पाठवते आहे. नवे टेकू सग्डननी अजून घातलेले नाहीत. तुझा होकार किंवा नकार येईपर्यंत ते थांबणार आहेत. म्हणाले, "त्याचं काम आहे, त्यालाच विचारायचं." तू आलास तर शिडी मी धरीन. नाही आलास तरी या गल्लीत प्रत्येक दारात जाऊन मी सांगणार आहे. काल आयव्हीपासून सुरुवात केली. ती हसली नाही. तुकड्यावर तुझं पेन्सिलीतलं अक्षर अजून स्पष्ट आहे. तारीख, आणि खाली, 'हा काढायचा नाही. नेव्हिल.' करवत त्या ओळीच्या जेमतेम बोटभर खाली लागली आहे. कापण्याआधी मी ते वाचलं होतं.

तुझी बहीण,
लोरेन