पटका दर्यात गेला

माघ शुद्ध तृतीया, शके १८३४

समुद्र पाहिला! मी पाटोद्याच्या देशमुखांची सून. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं तर नारळ फोडतात — आणि इथं कोकणात हे एवढं पाणी, नुसतं पडून!

आमच्याकडच्या पालीच्या रस्त्याचं काम बघणारा इंजिनेर साहेब रजेवर इथं आलाय. मडमेनं आग्रह केला, म्हणून यांनी मलाही आणलं. सासूबाई घरी फुगून बसल्यात.

वस्तीपासून लांब, दर्याकाठच्या गवतात साहेबाचा गोल्फ चालतो. काठीनं चेंडू हाणत हाणत लांबच्या खळग्यात घालायचा. बस्स!

चतुर्थी

धरणीनं पोटात घ्यावं.

साहेबानं यांच्या हाती काठी दिली. "देशमुख, मारा!" हे रुबाबात उभे राहिले, काठी फिरवली — चेंडू जागचा हलला नाही! हेच गरकन फिरून वाळूत बसले. वाऱ्यानं पटका सुटला, उलगडत उलगडत निघाला दर्याकडं. साहेब मागं धावतोय, मडम धावतेय... गेलाच पाण्यात.

आणि मी हसले. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. थांबेचना!

साहेब हसला नाही. मडम हसली नाही. मीच. यांनी एकदा वळून पाहिलं. तेवढंच.

पंचमी

बोलत नाहीत.

षष्ठी

खाडीपलीकडचा किल्ला बघायला गेलो. हे पुढं, मी मागं. बुरुजावरून कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेली मासळी, केवड्याचं बन — सगळं दिसत होतं, मनात काही शिरत नव्हतं. तिथंच यांच्या पाया पडले. "चुकलं माझं."

"ऊन लई हाय. खाली चल."

माझंच मन मला खातंय — नवऱ्याची अब्रू पाण्यात आणि बायको खिदळते! कुठल्या घरची लेक म्हणायची ही?

पौर्णिमा

नगरला रेल्वेतून उतरलो. गाडीवानाला म्हणाले, "पाटोद्याला थांबायचं न्हाई. सरळ लिंबागणेशला चल."

लिंबागणेश माझं माहेर. कावून, कशासाठी, ते विचारायची हिंमत झाली नाही. टाकणार मला. आईला काय तोंड दाखवू?

वद्य चतुर्थी, लिंबागणेश

दाराआडून ऐकलं. हे आईला विचारत होते —

"मामी, ही इथं असताना हसायची का वो?"

"गल्लीभर ऐकू जायचं. कावून?"

"आमच्या घरात इतक्या वरसांत एकदाबी ऐकलं न्हाई. दर्याकाठी पयल्यांदा ऐकलं... तवापासून मलाच मान वर करवंना."