मधली शांतता न कापणारं यंत्र

प्रिय लॉकी,

बाबांच्या रेकॉर्ड आणि घरच्या टेप सीडीवर करून पाठव, असं तू ईस्टरला फोनवर सहज म्हणालास. तुझं काय जातंय म्हणायला! देशाच्या पार दुसऱ्या टोकाला अल्बर्टात बसून तू हुकूम सोडायचे आणि इथे इनव्हरनेसमध्ये फ्लोराने धावायचं, हे लहानपणापासूनच चालत आलंय. पण खरं सांगते, मला आनंद झाला. एकतीस वर्षांत बाबांच्या वाजवण्याचं नाव तू पहिल्यांदा काढलंस.

आपल्या बेटावरच्याच सिडनी गावात, डंकनच्या रेडिओ-टेपच्या दुकानात गेले. त्याने एक पेटी दाखवली. वर रेकॉर्ड ठेवायची, पोटात कॅसेट घालायची, पुढून सीडी बाहेर. "मावशी, बटण दाबा आणि खुशाल चहा प्या," म्हणाला. मला तेवढंच हवं होतं. रेकॉर्ड झकास उतरल्या. घरच्या टेपांचं मात्र पेटीला काही कळेना. तीन सेकंद शांत गेले की तिला वाटतं धून संपली. मग ती थांबते, आणि पुन्हा मोठ्याने वाजू लागलं की मगच जागी होते. हळू बोलणं, खोकणं, सगळं गायब. डंकन म्हणाला, "बरंच झालं की, नुसती धून राहिली!" त्याचंही खरंच. टेप महाग म्हणून मीही धून संपली की बटण बंद करायचे. एका रविवारी तेवढं विसरले.

तो रविवार तू कसला विसरतोस! एकोणीस वर्षांचा होतास. बाबांचं व्हायोलिन उचलून, भरल्या स्वयंपाकघरात, त्यांच्यासमोर त्यांचीच धून वाजवलीस. आपल्याकडे धून संपायच्या आतच लोक ओरडून शाबासकी देतात, पण घरधनी गप्प तर पाहुणेही गप्प. बाबा गप्प बसले. तू व्हायोलिन टेबलावर ठेवलंस आणि आवाज न करता निघून गेलास. आठवड्यात अल्बर्टा गाठलंस, पुन्हा वाद्याला हात लावला नाहीस. बाबांच्या अंत्यविधीलाही पाहुण्यासारखा आलास. "त्यांना माझं वाजवणं कधी सहनच झालं नाही," असं कबरीपाशी म्हणालास, आणि मी तुझ्या कोटावरचा बर्फ झटकत राहिले.

पेटीने केलेली सीडी मी पाकिटात घातली, पत्ताही लिहिला. तिच्यात तुझी धून आहे आणि तिला लागूनच बाबांची पुढची. पाकीट चार दिवस दाराशी पडून राहिलं. पाचव्या दिवशी पेटी डंकनला परत केली. "मावशी, बिघडली का?" म्हणाला बिचारा. त्याच्याकडून एक जुना दणकट कॅसेट डेक आणि सुटा सीडी रेकॉर्डर आणला. याला अक्कल कमी, जे असेल ते सगळं उतरवतो. मात्र टेप संपेपर्यंत शेजारी बसून राहावं लागतं. बसले.

लॉकी, तुझी धून संपली की लगेच उठू नकोस, थांब. मंडळी चहाला बाहेरच्या खोलीत जातात. मग बराच वेळ नुसती खुर्ची करकरते. नंतर बाबा अगदी हळू म्हणतात, "माझ्या बापाचा हात आलाय पोराच्या हातात. मला जन्मात जमलं नाही ते याला जमलं." रडतायत रे ते. तोंडावर कौतुक करायची त्यांची रीतच नव्हती. पण मी तिथेच होते, बटणाशी. "तू वाजवतेस का गं?" असं त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला. तू अजून बाहेर पायरीवरच होतास, गाठून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पुढे दर वर्षी ते सांगणं जास्तच जड होत गेलं. बाबा कमी बोलले रे, पण तुझी एकतीस वर्षं खाल्ली ती मी. हे सांगण्यासाठीच हे पत्र. ऐकून झालं की मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण घरी येऊन दे.

तुझीच,
फ्लोरा