आधी ओरडायचं

२४ नोव्हेंबर १९७१, बुधवार

भैया म्हणाले मी त्याला! मेल्यानं माझं मनगट धरलेलं, आणि मी काय बोलावं? — "भैया, जरा हाथ छोड़ दीजिए." दीजिए!! जणू रेशनच्या रांगेत कोणाला पुढे सरकायला सांगत होते.

भीती नाही वाटत, संताप येतोय. आणि अर्धा संताप माझ्यावरच.

आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीची बस संध्याकाळी सातला चौकात सोडते. आज ब्लॅकआउटची तालीम होती, म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, दुकानांवर काळे पडदे. चौकातून चेरीतालची आमची गल्ली म्हणजे डोळे मिटून जाईन असा रस्ता. गिरणीच्या कोपऱ्यावर मागून कोणी तरी आलं. तोंड दिसलं नाही, बिडीचा वास तेवढा आला. गिरणीतून कोणी तरी खाकरलं तसा त्यानं हात सोडला आणि चालू लागला. पळालासुद्धा नाही! आरामात चालत गेला. ही बाई ओरडायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरी सांगितलेलं नाही. बाबांना माझी नोकरी सोडवायला निमित्तच हवंय. आयतं कशाला देऊ?

२५ नोव्हेंबर

नंदाला मात्र सांगितलं, सकाळी तिची वेणी घालताना. वाटलं, 'दीजिए' ऐकून हसेल. एरवी खिदळायला तिला काहीही पुरतं, पण आज हसली नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेल्यापासून बाईसाहेब फार गंभीर झाल्यात.

"तू ओरडली काहून नाही, ताई?"

काहून नाही! दिवसभर तोच प्रश्न डोक्यात. आमचे कोणी तरी पूर्वज पेशव्यांच्या चाकरीत या हिंदी मुलखात, सागरला आले, तिथून इकडे. दीडशे वर्षं होऊन गेली. तरी आई अजून म्हणते, "आपण या मुलखात पाहुणे, चार शब्द गोड बोलावं." भाजीवाल्याला जी, रिक्शावाल्याला जी, उधळलेल्या बैलालासुद्धा आम्ही जरा सरकिए म्हणू. दीडशे वर्षांचे पाहुणे! पुरे झाला पाहुणचार.

२६ नोव्हेंबर

अनसूयाबाईंना बसमध्ये सांगितलं. स्टोअरमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. नवरा याच फॅक्टरीत होता, तो गेल्यावर यांना कामावर घेतलं. बाईंचा उपाय तयार! "तिखट ठेव जवळ. मी तर तीन वर्षांपासून ठेवून राहिली."

दाखवायला म्हणून पिशवी उपसली. डबा निघाला, लोकर निघाली, देवीचा अंगारा निघाला, अर्धी मुळी निघाली, आणि अगदी तळाशी रुमालात घट्ट बांधलेली तिखटाची पुडी. गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडली आणि सगळं तिखट हवेत! अख्खी बस शिंकायला लागली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून डोळे पुसत म्हणाला, "बाई, पाकिस्तान को छोड़ो, पहले आपसे बचना है."

पोट दुखेपर्यंत हसले. पण गुंड काही गाठ सुटेपर्यंत थांबायचा नाही. आणि समजा पुडी उघडी हातात असती, तरी 'भैया' म्हणणारी मी ती फेकली असती का? नसती फेकली. उलट विचारलं असतं, आपकी आँख में तो नहीं गया?

२७ नोव्हेंबर, शनिवार

आज फॅक्टरीत आगीची कवायत झाली. दर वेळी मी तिथे उभ्या उभ्या डुलक्या काढते. आज कान टवकारून ऐकलं. सुरक्षा अधिकारी म्हणाले, "धुआँ दिखे तो पहले चिल्लाओ, फिर देखो. किसी से पूछना नहीं. साहब का इंतज़ार नहीं."

आमच्यातला मोहन, पॅकिंगचा, त्यानं विचारलं, "और साहब, झूठा निकला तो?"

"तो चाय पियो और वापस काम पर जाओ. झूठे अलार्म पर यहाँ आज तक किसी को डाँट नहीं पड़ी."

मी बघतच राहिले. दारूगोळ्याच्या जागेत एवढं साधं, आणि घरात? 'आधी खात्री कर.' 'कोणाचं नाव घेतेस ते बघ.' 'तमाशा नको.' 'तुलाच तसं वाटलं असेल.' खात्री होईपर्यंत फॅक्टरीचं छप्पर उडून जाईल म्हणून तिथे तो नियम आहे. आमची छपरं उडाली तर चालतात वाटतं!

ठरलं तर. हातात टॉर्च असो, तिखट असो, नाही तर काहीच नसो — ते नंतरचं. आधी मनात ठरलेलं पाहिजे. कोण आहे, का आहे, चुकून लागला असेल का हात — असला एकही विचार त्या वेळी करायचा नाही. तो सगळा विचार मी आजच, चहा पिता पिता, करून टाकला. आता त्या वेळी फक्त ओरडायचं.

२८ नोव्हेंबर, रविवार

ओरडता येत नाही मला! खोलीत दार लावून तोंड उघडलं, तर खोकल्यासारखा काही तरी आवाज आला. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "लवंग देऊ का गं?"

मग युक्ती सुचली. आज दहाला भोंग्याची चाचणी होती, कालच दवंडी पिटून गेले होते. नंदाला घेऊन गच्चीवर गेले. भोंगा सुरू झाला तशी मी बेंबीच्या देठापासून ओरडले. कोणाला पत्ता नाही! शेजारची बाई समोर पापड वाळत घालत होती, तिनं मानही वर केली नाही. नंदा आधी नुसती बघत होती. मग तीही ओरडली. बाप रे! एवढीशी पोर, हा आवाज कुठे ठेवला होता तिनं? भोंगा उतरला तरी ही ओरडतच होती, मला तिच्या तोंडावर हात ठेवावा लागला. दोघी मटकन खाली बसलो. ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला फार हलकं वाटलं.

जिन्यात म्हणाली, "ताई, आणि माणूस भला निघाला तर?"

"तर चहा पियो और वापस काम पर!"

१ डिसेंबर

टॉर्चमध्ये नवे सेल घातले. फॅक्टरीत जाताना चपला बंद, नंदाच्या एन.सी.सी.चे जुने बूट. आई कपाळाला हात लावून म्हणाली, साडीवर बूट! हो, साडीवर बूट. पळता आलं पाहिजे.

बाकी घरही तयार होतंय. दारात वाळूची बादली, पिंपभर पाणी, देव्हाऱ्याजवळ मेणबत्त्या. भय्यासाहेब खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या डकवून गेले. बाबांचे जुने स्नेही, रेल्वेतून निवृत्त, दोन घरं सोडून राहतात. मोहल्ल्याच्या नागरी संरक्षणाचं सगळं त्यांच्याच अंगावर, शिवाय नंदाची इंग्रजी घेतात. आई त्यांना देवमाणूस म्हणते. पट्ट्या मात्र सगळ्या वाकड्या. त्यांची पाठ वळल्यावर मी काढून पुन्हा लावल्या.

४ डिसेंबर, शनिवार

युद्ध लागलं. काल संध्याकाळी त्यांनी विमानतळांवर बॉम्ब टाकले. रेडिओजवळून बाबा उठत नाहीत. आम्हाला ओव्हरटाइम, रविवारीही बोलावलंय. स्टोअरमध्ये आज कोणी गप्पा मारल्या नाहीत. अनसूयाबाईंचा धाकटा भाऊ फौजेत, छांबच्या आघाडीवर आहे. त्या दिवसभर पेट्या मोजत होत्या आणि मोजताना चुकत होत्या, मी मागून गुपचूप पुन्हा मोजत होते.

बाबा म्हणाले, "विनू, आता पुरे. रोज अंधारात येतेस. लढाई संपेपर्यंत रजा टाक."

लढाई सुरू झाल्यावर फॅक्टरीतून रजा! तसं म्हणाले मी. जरा जोरातच म्हणाले.

८ डिसेंबर, बुधवार

ओरडले! पण काय सांगू.

गिरणीचा कोपरा, मिट्ट काळोख. मागून चाहूल आली आणि पदराला काही तरी अडकलं. मी विचार केला नाही. फुप्फुसं फाटतील एवढी ओरडले आणि टॉर्च मागे हाणला. कोणी तरी धाडकन पडलं, पत्रा वाजला, दारं उघडली, गिरणीवाला दांडकं घेऊन आला, कोणी तरी "बम! बम!" करत पळालं. टॉर्च लावला तर — दूधवाला बळीराम! सायकलखाली तो, दुधात सायकल, कपाळाला हे एवढं टेंगूळ. ब्लॅकआउट म्हणून बिचाऱ्यानं दिवा लावला नव्हता. माझा पदर त्याच्या हँडलला अडकला होता.

"दीदी," उठून बसत म्हणाला, "हमें लगा हम तो गए."

सगळा मोहल्ला हसला. कोणी तरी ब्लॅकआउटमध्ये टॉर्च लावला म्हणून ओरडलं. लाज वाटली, खूप वाटली. बळीरामची हात जोडून माफी मागितली, तर तोच मला घरापर्यंत सोडायला आला, रिकामा डबा खडखडवत.

९ डिसेंबर

घरात दरबार भरला. बाबा, आई आणि सल्ल्याला भय्यासाहेब. गिरणीच्या कोपऱ्याची पहिली गोष्टही मला सांगावी लागली.

बाबा: "भल्या माणसाचं डोकं फोडलंस! आधी बघायचं होतं कोण आहे ते!"

आई: "अख्खी गल्ली हसून राहिली, विनू."

भय्यासाहेब फार शांतपणे बोलले. मुलीचा दोष नाही, काळ वाईट. मुलीनं घरात असावं, घरासारखी सुरक्षित जागा नाही. बाबांची मान हलत होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, पुन्हा तसं झालं तर पुन्हा ओरडीन. दहा वेळा चुकले तर दहा वेळा दूध भरून देईन. अकराव्या वेळी बरोबर निघालं तर? त्या वेळी गप्प बसू का, आधीच्या दहा वेळांची लाज धरून? बाबा म्हणाले, फार शिकलीस. महिनाअखेर राजीनामा द्यायचा, नाही तर ते स्वतः फॅक्टरीत येऊन साहेबांना सांगतील.

नंदा दाराआड सगळं ऐकत होती. नंतर म्हणाली, "तू खरंच माफी मागितली?"

"डोकं फोडल्याची मागितली. ओरडल्याची नाही मागितली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पुस्तक उघडून बसली.

११ डिसेंबर

बळीराम आता चौकापासून घंटी वाजवत येतो. मी दिसले की तर ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, थांबतच नाही! "दीदी, हम हैं, हम!" टेंगूळ उतरलंय. त्याची बायको इथल्याच पाटणकडच्या खेड्यातली आहे, तिनं त्याला म्हणे सांगितलं, दीदीनं बरोबर केलं, मी असते तर दगड मारला असता. मला अगदी जाऊन भेटावंसं वाटतंय तिला.

१४ डिसेंबर

बाबा बोलत नाहीत. मीही बोलत नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढते आणि मधे बसून उसासे टाकते.

नंदा इंग्रजीला बसायला नाही म्हणते. "डोकं दुखतं." दोन दिवस तेच. आई चिडली, फुकट शिकवतात तर हिचे नखरे! मीही म्हणाले, बाई गं, तुला अंधारात जावं लागत नाही, घरबसल्या शीक.

१७ डिसेंबर, शुक्रवार

संपलं! काल ढाक्यात शरणागती झाली. फॅक्टरीत पेढे वाटले. अनसूयाबाईंच्या भावाची खुशाली आली, त्या सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं रडल्या. येताना गिरणीच्या कोपऱ्यावर दिवा जळत होता. मी मुद्दाम थांबले तिथे, कमरेवर हात ठेवून. ये म्हणावं आता!

घरी आले तर बाबा बोलले एकदाचे. "झाली ना लढाई? आता सोमवारी राजीनामा देऊन टाक."

"नाही," मी म्हणाले. जी नाही, कृपया नाही, काही नाही. नुसतं नाही. आई जाग्यावरच थिजली.

१९ डिसेंबर, रविवार

नंदा ओरडली. भर दुपारी, आमच्याच बैठकीत.

मी मोरीवर होते, साबणाच्या हातांनीच धावले. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, पुस्तक जमिनीवर, आणि समोर भय्यासाहेब — "काही नाही, काही नाही, पोरगी उगाच घाबरली." नंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "आजच नाही, ताई. दिवाळीपासून." आई पिठाच्या हातांनी तिला धरून खाली बसली. गल्ली दारात जमायला लागली होती. बाबा पांढरेफटक पडले होते. मला म्हणाले, "विनू, दार लाव. लोक बघून राहिले."

मी दार लावलं नाही.