डाव्या हाताचं पहिलं बोट

२० जून १९८८
नववी ब. कार्यानुभवाला यंदा शिवण सोडून वाद्यवृंदात नाव दिलं. आईला सांगितलं, शिवणाचा वर्ग भरला. खरं कारण वेगळं. शिवणाच्या बाई कापड हातात घेतलं की आधी हुंगतात आणि मग माझ्याकडे बघतात. सकाळी आईबरोबर मासळी साफ करून शाळेत येते, हात तीनदा धुते, तरी.
संगीताच्या कर्णिक सरांनी काही विचारलं नाही. "जयश्री, कोणतं वाद्य?" एवढंच. मी म्हटलं, कुठलंही.

२७ जून
कपाटातून तीन गिटार निघाल्या. शाळेच्या कुणा जुन्या विद्यार्थ्याने दिलेल्या, दुबईहून. दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता. शिकणारे आम्ही सहा जण, म्हणजे दोघांत एक. माझ्या जोडीला अर्चना सोनावणे. मोहन्याहून येते, वडील तिथल्या कंपनीत.
सर पेटीवाले. सरळ सांगून टाकलं, "मला गिटार येत नाही. तुम्हाला जेवढी येत नाही तेवढीच मला येत नाही. आपण बरोबरच शिकू." सरांचं वय पन्नास तरी असेल. असं बोललेला शिक्षक मी आजवर पाहिला नव्हता.
मग अर्चना हळूच म्हणाली, माझ्या पप्पांना येते.

९ जुलै, शनि.
सोनावणेकाका आले. रात्रपाळी करून थोडं झोपून आलेले, डोळे लाल. त्यांची भीमगीतांची पार्टी आहे, गावोगाव कार्यक्रम करतात, त्यात ते गिटार वाजवतात. कुणी शिकवली विचारलं तर म्हणाले, बघून बघून.
सर आमच्याबरोबर बाकावर बसले, वही पेन घेऊन. मुलांसारखं "मास्तर, पुन्हा दाखवा" म्हणत होते. काका पहिल्यांदा एवढे अवघडले की उभेच राहिले. सरांनी स्वतःची खुर्ची ओढून दिली तेव्हा बसले.
आज फक्त तारा मिळवायच्या. पेटीवर सूर धरायचा आणि खुंटी पिळायची. माझी एक तार तुटली. कोणी ओरडलं नाही.

१९ जुलै
बोटांची सालं निघतायत. अर्चू तासाला रडली. सरांनी आपली बोटं दाखवली, त्यांचीही तशीच लाल. मग ती हसली.
मला एवढं दुखत नाही. लहानपणापासून कोळंबी सोलते, बोटं आधीच राठ. पहिल्यांदा त्याचा फायदा झाला.

२५ जुलै
आज वाईट झालं. आमच्या गिटारची खुंटी अडकली म्हणून सर बोलले, बाजूच्यांची घ्या, आलटून पालटून वाजवा. बाजूला निनाद. माझ्या हातातून परत घेताना त्याने रुमालाने दांडा पुसला आणि म्हणाला, बाजार आलाय वर्गात. दोघंतिघं हसले. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.
उद्या नाव काढून टाकायचं.

३० जुलै, शनि.
नाव काढलं नाही. अर्चूने घरी सांगितलेलं बहुतेक. काकांनी तास सुरू करायच्या आधी आपला हात पुढे केला आणि निनादला म्हणाले, वास घे. त्याला कळेना. म्हणाले, "माझ्या हाताला कंपनीचा वास आहे. वीस वर्षं धुतोय, जात नाही. हिच्या हाताला खाडीचा असेल. गिटारला नाक नसतं, बाळा."
रागावले नाहीत. बाळा म्हणाले. निनाद खाली बघत होता. मग सर उठले, नळावर जाऊन हात धुऊन आले आणि म्हणाले, आजपासून सगळ्यांनीच तासाआधी हात धुवायचे, मी पहिला. झालं. पुढे कोणी विषय काढला नाही.
घरी चालत आले. पूर्ण रेतीबंदरपर्यंत. का कुणास ठाऊक, बस नको वाटली.

२१ ऑगस्ट
घरी गिटार नाही तर सराव कसा करणार. बाबांना सहज बोलले. ते रोज ओहोटी बघून होडी घेऊन जातात, बोलायला सापडत नाहीत. आज बघते तर त्यांनी होडीची जुनी फळी तासून तिच्यावर सहा तंगूस ताणून बसवलेत. जाळ्याचा दोरा तो, त्यातून आवाज कुठला निघणार. पण बोटं कुठे ठेवायची ते कळतं. मापासाठी बाबा शाळेच्या खिडकीतून बघून गेलेले म्हणे! मला पत्ताच नाही.
आई म्हणाली, "मुकी गिटार बरी गो. डोकं तरी नाय उठवत."

१५ सप्टें.
सी, जी, ए मायनर हे कॉर्ड येतात. एफ येत नाही. त्याला डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. माझ्या निम्म्या तारा खट खट करतात. अर्चूच्या तर सगळ्याच. सरांना पण नाही येत. सर म्हणाले, आपण तिघं नापास.

२ ऑक्टो., रवि.
मोहन्याला अर्चूच्या घरी गेलेले. चाळीतली खोली, भिंतीला टांगलेली गिटार, खाली बुलबुलतरंग. काकूंनी भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. सुकट माझ्या आईनेच पाठवलेलं. कुणाच्या घरी मी मासळी न्यावी आणि त्यांनी आनंदाने घ्यावी, असं पहिल्यांदा झालं.
काका म्हणाले, जोर बोटाने लावू नको, कोपर अंगाशी घे, हात आपोआप ओढला जाईल. दहा वेळा. वीस वेळा. मग एकदम एफ वाजला. सहाच्या सहा तारा. काकांनी काकूंना हाक मारली, अगं ऐक. मी पुन्हा वाजवला. पुन्हा वाजला.
आज दिवसभर तेच. बाकी लिहायला काही नाही.

१९ नोव्हें.
दिवाळीनंतरचा पहिला तास. जानेवारीत ठाण्याला आंतरशालेय वाद्यवृंद स्पर्धा. सरांनी लोकधून बसवायला घेतली. पेटी, ढोलकी, खंजिरी, मँडोलिन, तीन गिटार. सुरुवात नुसत्या गिटारने, एकटीने. सर म्हणाले, ती जयश्री करेल. तिचा एफ स्वच्छ आहे.
निनादने टाळी वाजवली. खरंच वाजवली.

१२ डिसें.
डाव्या हाताने लिहीत नाही हे बरं.
सकाळी शाळेला उशीर होत होता. आई म्हणत होती, टोपलीतली शिंगाळी राहू दे, मी बघते. मी ऐकलं नाही, दोन तर आहेत म्हणून हात घातला. एक जिवंत होती. तिच्या पंखाचा काटा पहिल्या बोटात, सांध्याशी, पार आत. डोळ्यांपुढे अंधार आला. आईने काटा उपटला, हात कढत पाण्यात धरला. मी ओरडत होते आणि ती धरून होती.

१५ डिसें.
बोट वांग्याएवढं. ताप. शाळा नाही.

१७ डिसें.
कल्याणच्या डॉक्टरांनी बोट कापून पू काढला. काट्याचा तुकडा आत राहिलेला. आई बाहेर बाकड्यावर बसलेली, टोपली तशीच टाकून आलेली. डॉक्टरांनी सांगितलं, बोट वाचलं हे नशीब समजा. गिटारचं विचारलं तर हसले. म्हणाले, आधी मूठ मिटता येऊ दे.

२३ डिसें.
पट्टी सुटली. बोट अर्धंच वाकतं आणि टोकाला काही लागत नाही. पेन्सिलने टोचून बघितलं. दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसं.
आई आता मला मासळीला हात लावू देत नाही. चार वाजता उठून सगळं एकटी करते. मी उठले तर म्हणते, झोप. तिने एकदाही म्हटलं नाही की माझं ऐकायला पाहिजे होतंस. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२६ डिसें.
शाळेत गेले. सरांनी हात बघितला, मग चष्मा काढून पुसला. सुरुवात अर्चू करणार. तिला एफ यायला लागलाय, मी घरी होते त्या दिवसांत काकांनी रोज बसवून घेतला. चांगला वाजवते. मी टाळी वाजवली.
हे फक्त इथे लिहिते: मला वाटलं तिचा चुकावा. एकदा तरी. मग स्वतःचीच लाज वाटली. अजून वाटतेय.

३१ डिसें., शनि.
मी मागच्या बाकावर. काका आले, म्हणाले तू तिकडे काय करतेस. हात दाखवला. बराच वेळ उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, बाकीची बोटं चालतात ना? चालतात.
त्यांच्या पार्टीत दुसरा गिटारवाला फक्त वरच्या दोन जाड तारांवर एकेक सूर देतो. कॉर्ड नाहीच. त्याला मधलं बोट आणि त्याच्या बाजूचं, एवढी दोन पुरतात. तिसरी गिटार तशी वाजवायची असं ठरलं. निनाद आणि बाकीचे तिघं एकाच गिटारवर आलटून पालटून बसतील. निनाद स्वतःच बोलला, आम्ही जमवतो.
सरांनी तिथेच पेटीवर माझे सूर काढून वहीत लिहून दिले. धुनीत एकूण नऊच जागा बदलतात. सोपं वाटलं.

५ जाने. १९८९
सोपं नाही. कॉर्ड वाजवताना चुकलं तरी गर्दीत लपतं. हा एकेक सूर, उशिरा पडला की सगळे अडखळतात. ढोलकीवाला माझ्याकडे बघून वाजवतो. आधी कधी मी बाकीच्यांना ऐकलंच नव्हतं. माझ्या बोटांकडेच लक्ष असायचं. अर्चू दुसऱ्या ओळीत किंचित घाई करते, मी तिला धरून ठेवते. तिलाही ते कळतं.
तिला सव्वीस तारखेचं सांगितलं. मी काय इच्छिलं ते. ती म्हणाली, "मला माहितीय. तू टाळी वाजवताना माझ्याकडे बघत नव्हतीस." आणि डब्यातली शेव दिली. संपलं.

२१ जाने., शनि.
ठाणे. मोठा हॉल, खऱ्या पडद्याचा. इतर शाळांकडे चकचकीत वाद्यं, एकीकडे तर ड्रमसेट. काका रजा टाकून आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.
अर्चूने सुरुवात केली. एफ स्वच्छ. मी माझा पहिला सूर दिला आणि पायाखालची फळी हलल्यासारखी वाटली, इतका खोल आला. मग काही आठवत नाही. नऊच्या नऊ जागा बरोबर पडल्या एवढं माहीत आहे.
उत्तेजनार्थ. पहिले तीन नाहीत. निनाद चिडलेला. परीक्षक बाई खाली उतरून आल्या आणि सरांना म्हणाल्या, मुलांना गिटार कुणी शिकवली? सरांनी काकांना हाताला धरून पुढे केलं. "हे आमचे मास्तर. मीही यांचाच विद्यार्थी."
आई आलेली! सगळ्यात मागे, टोपली कुठेतरी ठेवून, नवी साडी. मला सांगितलंच नव्हतं. परत येताना म्हणाली, तुझा आवाज कुठला ते मना समाजलं. मी विचारलं कसं. म्हणाली, तो थांबला का बाकीच्यांचा हलकं हलकं वाटतंय.

१८ मार्च
सरांनी सांगितलं, दहावीला कार्यानुभवात वाद्यवृंद नसतो. मला माहीत होतं, तरी. आणि पुढच्या वर्षी सर स्वतः निवृत्तीच्या रजेवर जातील असं ऐकतो. वर्ग राहील का, कुणाला माहीत नाही.
काकांना शाळेने नारळ आणि शाल दिली. शाल सरांनी स्वतःची आणलेली, थंडीत पांघरतात ती, अर्चूने ओळखली.

१५ एप्रिल
काल मोहन्याला जयंतीचा कार्यक्रम. काकांच्या पार्टीत मी आणि अर्चू दोन गाण्यांना बसलो. मी जाड तारांवर. मांडवात एवढी माणसं, एवढे दिवे. कोणी विचारलं नाही मी कुणाची. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, आमचीच आहे.

२८ एप्रिल
निकाल. पास. शेवटच्या दिवशी गिटार कपाटात ठेवायला गेले तर सर म्हणाले, सुट्टीत घरी ने, जूनमध्ये आणून दे. रजिस्टरवर सही केली. बाजारातून घेऊन आले, लोक वळून बघत होते.

३० एप्रिल, रवि.
डॉक्टर म्हणाले, बोट वाकायला लागलंय, टोकाची जाणीव वर्षभरात येईल किंवा नाही येणार. त्यांनाच माहीत नाही.
दुपारी ओटीवर बसून एफ धरला. साडेचार महिन्यांनी. बोट आडवं टाकलं, कोपर अंगाशी. पण दाबलं गेलंय का ते बोट सांगतच नाही. एकेक तार छेडली. कानाला वाटलं वाजली, मग वाटलं माझ्या मनातच वाजली असेल.
आई बाजूला जाळं विणत होती. तिला विचारलं, सगळ्या वाजल्या का गं?
तिने सुई थांबवली. म्हणाली, पाच वाजल्या. एकीचं नक्की नाय.
मग जाळं बाजूला ठेवून जवळ सरकली, डोकं गिटारवर वाकवलं आणि म्हणाली,
"परत वाजव. मी ऐकते."