धाकटीच्या टेबलावरचा शब्द

३ मार्च
गेला! 'सेट' माझ्या हातून गेला! या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत सहा वर्षं त्याची कार्डं लिहिली, दर अर्थाला एक — सूर्य सेट होतो, हाड सेट होतं, घड्याळ, केस, कपबश्या, काय काय सेट — आणि संपादकांनी शब्द सोपवला कुणाला? माझ्या धाकट्या बहिणीला! तिला इथे चिकटवलं कुणी? मीच. इथली रीत अशी, की एक शब्द एकाच हातानं पुरा करायचा आणि कोशात नावही त्याचंच लागायचं. म्हणजे तिचं लागणार.

४ मार्च
जळते आहे मी तिच्यावर. लिहूनच टाकते.

९ मार्च
जेली सेट होते, तिथे मी 'घट्ट होते' असं लिहिलं होतं. धाकटीनं विचारलं, "ताई, 'थिजते' चालेल?" चालेल काय, धावेल! मला सहा वर्षांत का सुचलं नाही? संपादकांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. मी चष्मा पुसत बसले. घरी येताना ती बडबडत होती, मी नुसतं हूं हूं.

१२ मार्च
करू नये ते केलं. तिच्या पेटीतला एक गठ्ठा उचलला. साठ कार्डं, मनाशी संबंधित सगळे अर्थ — बेत पक्का होणं, हट्टाला पेटणं, कुणाच्या विरोधात जाणं. पर्समधून घरी आणून माझ्या कपाटात स्वेटरांखाली ठेवला. एवढे अर्थ गळाले की तिचं काम अर्धवट ठरणार, शब्द माझ्याकडे येणार. येऊ दे!

१८ मार्च
धाकटी धड जेवत नाही. आईनं विचारलं, काय बिनसलंय तुमचं? म्हटलं, तिलाच विचार.

२१ मार्च
संपादकांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. कार्डांची दुसरी प्रत नसते, हे शाळकरी मुलालाही कळेल म्हणाले. मी खाली मान घालून. ती एवढंच बोलली, "माझ्याकडून हरवला गठ्ठा. शब्द ताईला द्या. तिलाच जमेल."
मिळाला शब्द. पण आनंद होईना. उलट तिचाच राग आला — एवढं मोठं मन दाखवायला सांगितलं होतं कुणी?

२२ मार्च
गठ्ठा काढायला स्वेटर उचलले. साठच्या साठ कार्डं जागेवर. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नवा मराठी अर्थ लिहिलेला, धाकटीच्या अक्षरात. शेवटच्या कार्डावर तारीख — १४ मार्च. गठ्ठा माझ्या कपाटात येऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.